नवा टॅब की तोच टॅब? लिंक कुठे उघडायची हे ठरवतं कोण

लिंकवर क्लिक केल्यावर पान त्याच टॅबमध्ये उघडावं, नव्या टॅबमध्ये की वेगळ्या विंडोत, याची एखादी सेटिंग ब्राउझरमध्ये कुठेतरी असणारच अशी बहुतेकांची समजूत असते. मग सेटिंग्जची सगळी पानं पालथी घातली जातात आणि हाती काही लागत नाही. याचं कारण असं की या निर्णयात पाच जणांचे हात असतात: पान लिहिणारा, पानावरची स्क्रिप्ट (पानात दडलेला छोटा प्रोग्राम), ब्राउझर, लिंक जिथून आली ते ॲप आणि फोनची किंवा संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम. त्यात ब्राउझरच्या सेटिंग्जचा वाटा फार थोडा. तेव्हा लिंक नेमकी कुणी उघडली हे आधी ओळखायचं आणि मग त्याच्याच दारात जायचं. उलट क्रमाने गेलात तर दुपार वाया जाते.

एक खुलासा आधीच करतो. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही मराठीत मिळतात, पण बहुतेकांच्या संगणकावर इंग्रजी इंटरफेस असतो. म्हणून सेटिंग्जची नावं इथे इंग्रजीच, देवनागरीत दिली आहेत. शब्द पुढच्यामागच्या आवृत्तीत थोडे इकडेतिकडे होतात. सेटिंग्जमधल्या शोधपट्टीत त्यातला एखादा शब्द टाकला की ती जागा सापडते.

आधी ओळख पटवा

पान उघडलं आणि मागे जाण्याचा बाण फिका, निकामी दिसला, तर ते नव्या टॅबमध्ये उघडलं आहे. वर टॅबची पट्टीच नाही, पत्ता दिसतो पण त्यात टाइप करता येत नाही आणि विंडो पोस्टकार्डाएवढी आहे, तर ती स्क्रिप्टने मोजमाप देऊन उघडलेली पॉपअप आहे. फोनवर वरच्या डाव्या कोपऱ्यात फुली दिसते आणि उघड्या टॅबचा आकडा कुठेच दिसत नाही, तर तुम्ही ब्राउझरमध्ये गेलेलाच नाहीत, ज्या ॲपमधून लिंक दाबली त्याच ॲपच्या पोटात आहात.

संगणकावर शंका राहिली तर मराठी विकिपीडियाचं कुठलंही पान उघडा आणि लेखातल्या निळ्या लिंकवर साधं डावं क्लिक करा. विकिपीडिया आपल्या लिंक्सवर नव्या टॅबची सक्ती करत नाही. तिथे पान त्याच टॅबमध्ये उघडलं तर तुमचा ब्राउझर ठणठणीत आहे, खोड त्या दुसऱ्या साइटची आहे. तिथेही नवा टॅब उघडला तर संशयित दोनच: एखादं एक्स्टेंशन (ब्राउझरला वरून जोडलेली पुरवणी) किंवा अडकलेली कंट्रोल की. हीच चाचणी प्रायव्हेट विंडोत (क्रोममध्ये तिला इन्कॉग्निटो म्हणतात) करा. तिथे एक्स्टेंशन्स आपोआप बंद असतात (तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर). प्रायव्हेट विंडोत सगळं सुरळीत चाललं तर एक्स्टेंशन्स एकेक करून बंद करत जा. तिथेही तेच घडलं तर कीबोर्ड उलटा करून झटका. लॅपटॉपच्या कीबोर्डवर सांडलेल्या चहाने कंट्रोल की चिकटली की प्रत्येक क्लिक ‘नव्या टॅबमध्ये उघड’ असंच ब्राउझरला ऐकू येतं.

पान लिहिणाऱ्याचा हात

एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानं लिहिण्याच्या भाषेत, प्रत्येक लिंकला टार्गेट नावाचं एक विशेषण लावता येतं. ते नसेल तर पान त्याच टॅबमध्ये उघडतं. त्याची किंमत ‘_ब्लँक’ असेल तर नवा टॅब. हे टार्गेट नेटस्केप २ या जुन्या ब्राउझरच्या काळातलं. तेव्हा एका पानाच्या तीन-चार चौकटी करून त्याला फ्रेम्स म्हणत आणि कुठली लिंक कुठल्या चौकटीत उघडायची ते सांगायला टार्गेट लागायचं. १९९९ साली आलेल्या एचटीएमएल ४.०१ च्या कडक आवृत्तीत ते काढूनही टाकलं होतं. एचटीएमएल ५ मध्ये परत आलं. फ्रेम्स गेल्या, पण ही सवय राहिली. वाचक आपल्या साइटवरून निघून जाऊ नये म्हणून बाहेरच्या प्रत्येक लिंकला ‘_ब्लँक’ लावण्याची पद्धत पडली आणि वाचकाच्या ब्राउझरमध्ये चाळीस टॅब साचायला लागले.

नव्या टॅबमध्ये उघडलेल्या पानाला पूर्वी आपल्याला उघडणाऱ्या मूळ पानाचा ताबा मिळायचा आणि ते मागच्या मागे त्या टॅबमध्ये खोटं लॉगिन पान आणून ठेवू शकायचं. ‘नोओपनर’ हा शब्द लिंकमध्ये घातला की हे दार बंद होतं. सफारी १२.१, फायरफॉक्स ७९ (जुलै २०२०) आणि क्रोम ८८ (जानेवारी २०२१) पासून ‘_ब्लँक’ असलेल्या लिंक्सना ब्राउझर हे आपोआपच लावतात. त्यामुळे अद्ययावत ब्राउझर वापरणाऱ्याने याची धास्ती घ्यायचं कारण नाही. दहा वर्षांपूर्वीच्या आवृत्तीवर अडकलेल्या ऑफिसच्या संगणकाची गोष्ट वेगळी.

तुमचा स्वतःचा ब्लॉग असेल तर एक तपासून पाहा. फुकट मिळणाऱ्या बऱ्याच ब्लॉगस्पॉट टेम्प्लेट्समध्ये वरच्या हेड भागात ‘बेस’ टॅग असतो आणि त्यात टार्गेट ‘_ब्लँक’ केलेलं असतं. ही एक ओळ ब्लॉगवरच्या झाडून सगळ्या लिंक्स नव्या टॅबमध्ये ढकलते, अगदी ‘मुखपृष्ठ’ आणि ‘जुन्या नोंदी’ सुद्धा. एकेका लिंकची चौकट तपासत बसण्याआधी थीमच्या एचटीएमएलमध्ये ‘बेस’ शोधा.

बोटांचा हात सगळ्यांत वरचढ

सेटिंग्जना हात न लावता नव्वद टक्के काम इथेच होतं, म्हणून हे सावकाश वाचा. कंट्रोल दाबून क्लिक केलं की लिंक नव्या टॅबमध्ये मागे उघडते, तुम्ही वाचत असलेलं पान समोरच राहतं. कंट्रोल आणि शिफ्ट दोन्ही दाबून क्लिक केलं की नवा टॅब उघडतो आणि तुम्ही थेट त्यावर जाता. नुसतं शिफ्ट दाबून क्लिक म्हणजे नवी विंडो. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड. तिथे कंट्रोल-क्लिक म्हणजे उजवं क्लिक, म्हणून विंडोजवरून मॅकवर गेलेले पहिले आठ दिवस वैतागतात. विंडोजवर क्रोममध्ये ऑल्ट दाबून क्लिक केलं तर लिंक उघडत नाही, तिथलं पान किंवा फाइल थेट डाउनलोड होते. ‘क्लिक करतोय पण उघडत नाही, डाउनलोड्स मात्र वाढतायत’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा अंगठ्याखाली दबलेला ऑल्ट असतो.

माउसचं चाक हे बटणही असतं. लिंकवर चाक दाबलं की ती मागच्या टॅबमध्ये उघडते. टॅबवर दाबलं की टॅब बंद होतो. विंडोजवर लिंक चुकवून मोकळ्या जागेत दाबलं तर गोल बाणांचं चिन्ह येतं आणि पान आपोआप सरकायला लागतं. घाबरू नका, पुन्हा एकदा दाबा. लॅपटॉपवर चाक नसेल तर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस, टचपॅड, थ्री-फिंगर जेश्चर्स इथे टॅपसाठी ‘मिडल माउस बटन’ निवडा. मग तीन बोटांची टिचकी चाकाचं काम करते. ही सोय टचपॅडच्या जातीवर अवलंबून आहे. जुन्या लॅपटॉपवर तो पर्यायच दिसणार नाही.

आता उलटा प्रश्न, जो जास्त विचारला जातो: साइट नव्या टॅबचा हट्ट धरते आणि मला तर तोच टॅब हवाय. यासाठी कुठलीही की नाही. पण लिंक माउसने धरून वर पत्त्याच्या पट्टीत नेऊन सोडा. ती त्याच टॅबमध्ये उघडते, टार्गेट काहीही असो. टॅबच्या पट्टीत एखाद्या टॅबवर सोडली तर त्या टॅबमध्ये उघडते, दोन टॅबच्या मधल्या फटीत सोडली तर तिथे नवा टॅब तयार होतो. लिंक म्हणून दिसणारं बटण प्रत्यक्षात स्क्रिप्टचं असेल तर मात्र ते ओढता येत नाही, आणि ओढता येत नाही यावरूनच ते स्क्रिप्टचं आहे हे कळतं.

पत्त्याच्या पट्टीत काही टाइप करून ऑल्ट-एंटर दाबलं की निकाल नव्या टॅबमध्ये येतो. चुकून बंद केलेला टॅब कंट्रोल-शिफ्ट-टी ने परत येतो.

शोधाचे निकाल

‘गूगलवर शोधल्यावर प्रत्येक निकाल नव्या टॅबमध्ये उघडतो’ किंवा ‘उघडत नाही’, या दोन्हींचा ब्राउझरशी संबंध नाही. ही शोधयंत्राची सेटिंग आहे. गूगलच्या शोध सेटिंग्जमध्ये ‘अदर सेटिंग्ज’खाली ‘रिझल्ट्स इन अ न्यू विंडो’ असा पर्याय मिळतो. बिंग आणि डकडकगो यांच्याही सेटिंग्जमध्ये अशीच सोय आहे. साइन इन न करता वापरत असाल तर ही निवड कुकीत (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीत) साठवली जाते. ब्राउझर बंद करताना कुकीज पुसण्याची सवय असेल तर दुसऱ्या दिवशी सेटिंग पुन्हा मूळपदावर. ‘सेटिंग टिकत नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी इथे पाहावं.

फायरफॉक्स: खरी मोकळीक इथेच

या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. लिंक कशी उघडायची यावर खरोखर ताबा हवा असेल तर संगणकावर फायरफॉक्सला पर्याय नाही. क्रोम आणि त्याच्या गाभ्यावर उभे असलेले ब्राउझर या जागी हात वर करतात.

वरवरच्या दोन सेटिंग्ज ‘जनरल’मधल्या ‘टॅब्स’ भागात आहेत. ‘ओपन लिंक्स इन टॅब्स इन्स्टेड ऑफ न्यू विंडोज’ ही चौकट मुळातच टिक केलेली असते. ती काढली तर साइटने नव्या टॅबसाठी लावलेली लिंक नव्या विंडोत उघडते. दुसरी चौकट ‘व्हेन यू ओपन अ लिंक, इमेज ऑर मीडिया इन अ न्यू टॅब, स्विच टू इट इमिजिएटली’ अशी आहे, आणि ती मुळात रिकामी असते. ती टिक केली की कंट्रोल-क्लिक तुम्हाला लगेच नव्या टॅबवर नेतं आणि कंट्रोल-शिफ्ट-क्लिक मागे उघडतं, म्हणजे वरच्या दोन कळांची अदलाबदल होते. बातम्यांच्या पानावरून दहा लिंक्स एकामागोमाग उघडून ठेवणाऱ्यांनी ही चौकट रिकामीच ठेवावी.

पुढचं सगळं अबाउट:कॉन्फिगमध्ये, म्हणजे फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंग्जच्या पानावर. हा शब्द पत्त्याच्या पट्टीत अर्थातच रोमन लिपीत, मध्ये मोकळी जागा न सोडता टाइप करायचा. इशारा येतो, तो मान्य करायचा. पुढे दिलेली नावंही रोमनमध्येच शोधायची. पूर्ण नाव लागत नाही, ‘न्यूविंडो’ एवढं सलग टाइप केलं तरी पहिल्या तिन्ही सेटिंग्ज समोर येतात. शोधताना लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडत नाही. बदललेली सेटिंग ठळक अक्षरांत दिसते, आणि उजवीकडच्या वळणाच्या बाणाने ती मूळपदावर येते. एका वेळी एकच बदला आणि तपासा.

पहिली सेटिंग ‘ब्राउझर.लिंक.ओपन_न्यूविंडो’. साइटने नवी जागा मागितली तर काय करायचं, ते इथे ठरतं. किंमत ३ म्हणजे नवा टॅब, आणि हीच मूळ किंमत आहे. २ म्हणजे नवी विंडो. १ म्हणजे तोच टॅब, म्हणजेच साइटचा हट्ट मोडून काढणारी. वरची टिकची चौकट याच सेटिंगचा दर्शनी चेहरा आहे, पण तिला फक्त २ आणि ३ ठाऊक आहेत. तुम्ही १ केलंत तरी ती टिक केलेलीच दिसते. कुणी ती चौकट एकदा काढून पुन्हा लावली की किंमत गुपचूप ३ होते. घरात दोघं-तिघं एकच संगणक वापरत असतील तर ‘आपोआप बदललं’ याचा उलगडा बहुधा हाच.

दुसरी, याच नावापुढे ‘.रिस्ट्रिक्शन’ जोडलेली. वरचा नियम स्क्रिप्टने उघडलेल्या विंडोंना लावायचा का, हे ती ठरवते. मूळ किंमत २: स्क्रिप्टने लांबी-रुंदी सांगून मागितलेली पॉपअप तशीच वेगळी उघडू द्यायची, बाकी सगळ्यांना नियम लावायचा. ० केलं तर एकालाही सूट नाही. १ केलं तर स्क्रिप्टच्या कुठल्याच विंडोला नियम नाही.

इथे मोह आवरा. पहिली १ आणि दुसरी ० असं केलं की सगळं एकाच टॅबमध्ये येतं. कागदावर झकास वाटतं, पण पैसे भरण्याच्या पानावर गोची होते. दुकानाच्या साइटने बँकेचं पान वेगळ्या छोट्या विंडोत मागितलेलं असतं आणि मागचं पान उत्तराची वाट पाहत असतं. तुमच्या सेटिंगमुळे बँकेचं पान त्या मागच्या पानाच्याच डोक्यावर येऊन बसतं. व्यवहार पुरा झाल्यावर उत्तर घ्यायला कुणी उरलेलंच नसतं. अर्धा भरलेला फॉर्मही असाच जातो. म्हणून पहिली १ करायची असेल तर दुसरी २ वरच राहू द्या. तरीही पैशांचे व्यवहार आणि लांबलचक सरकारी फॉर्म यांच्यासाठी दुसरी फायरफॉक्स प्रोफाइल (वेगळ्या सेटिंग्जचा स्वतंत्र संच) ठेवा, किंवा तेवढ्यापुरतं ३ करा.

तिसरी, ‘.ओव्हरराइड.एक्स्टर्नल’. मूळ किंमत उणे १, म्हणजे ‘पहिलीचं ऐक’. पहिली १ करणारे हिला विसरतात आणि मग मेलच्या प्रोग्राममधून किंवा डेस्कटॉपवरच्या दुसऱ्या ॲपमधून लिंक दाबली की ती समोर वाचत असलेल्या पानावरच येऊन आदळते. पहिली १ केलीत की हिला लगेच ३ करून टाका. बाहेरून येणाऱ्यांना नवा टॅब, आतल्यांना तोच.

‘ब्राउझर.टॅब्स.लोडडायव्हर्टेडइनबॅकग्राउंड’ ट्रू केली की साइटने जबरदस्तीने उघडलेले नवे टॅबही मागे जातात. वाचनाची लय तुटत नाही, हा फायदा. तोटा असा की ‘गूगलने साइन इन करा’ सारख्या बटणाने उघडलेलं पान टॅब म्हणून आलं तर तेही मागे जातं आणि बटण चालत नाही असं वाटतं. बाहेरच्या ॲपमधून आलेल्या लिंक्सचंही तसंच होतं. दाबूनही काही झालं नाही असं वाटलं तर टॅबच्या पट्टीकडे एकदा पाहायची सवय लावून घ्या, मग ही सेटिंग सोन्याची आहे.

बुकमार्क नव्या टॅबमध्ये हवे असतील तर ‘ब्राउझर.टॅब्स.लोडबुकमार्क्सइनटॅब्स’, पत्त्याच्या पट्टीतला शोध नव्या टॅबमध्ये हवा असेल तर ‘ब्राउझर.यूआरएलबार.ओपनइनटॅब’. दोन्ही ट्रू करा. या सगळ्या बदलांना ब्राउझर पुन्हा सुरू करावा लागत नाही.

क्रोम, एज, सफारी

क्रोममध्ये ‘नव्या टॅबच्या लिंक्स त्याच टॅबमध्ये उघड’ अशी सेटिंग नाही, शोधू नका. एक्स्टेंशन्स आहेत, पण अशा एक्स्टेंशनला प्रत्येक साइटवरचा प्रत्येक मजकूर वाचण्या-बदलण्याची परवानगी लागते, त्यात तुमच्या बँकेचं पानही आलं. एवढ्याशा सोयीसाठी मी ती किल्ली कुणाला देणार नाही. लिंक ओढून पट्टीत टाकणं पुरतं.

क्रोमची आणखी एक खोड: दोन प्रोफाइल असतील, एक घरची आणि एक ऑफिसची, तर बाहेरून आलेली लिंक शेवटी वापरलेल्या प्रोफाइलमध्ये उघडते. लिंक दाबण्याआधी हव्या त्या प्रोफाइलच्या विंडोवर एकदा क्लिक करून घ्या. एजमध्ये यासाठी प्रोफाइल्सच्या सेटिंग्जमध्ये ‘डिफॉल्ट प्रोफाइल फॉर एक्स्टर्नल लिंक्स’ आहे. या बाबतीत एज पुढे आहे, हे मान्य करायला हवं.

मॅकवरच्या सफारीत सेटिंग्ज, टॅब्स इथे ‘ओपन पेजेस इन टॅब्स इन्स्टेड ऑफ विंडोज’ला नेव्हर, ऑटोमॅटिकली आणि ऑलवेज असे तीन पर्याय आहेत. ऑलवेज ठेवलं की पॉपअपसुद्धा टॅब म्हणून येतात. खालची ‘व्हेन अ न्यू टॅब ऑर विंडो ओपन्स, मेक इट ॲक्टिव्ह’ ही चौकट फायरफॉक्सच्या दुसऱ्या चौकटीची जुळी बहीण.

काहीच उघडत नाही तेव्हा

पावती, उताऱ्याची प्रत, प्रवेशपत्र असल्या गोष्टी बऱ्याच पोर्टलवर वेगळ्या विंडोत येतात. बटण दाबलं, चक्र फिरलं, पुढे काही नाही, असं झालं की पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला पाहा. क्रोम तिथे पॉपअप अडवल्याचं छोटं चिन्ह दाखवतो, फायरफॉक्स पानाच्या वर पिवळट पट्टी दाखवतो. ब्राउझरचा नियम साधा आहे: तुमच्या क्लिकच्या थेट उत्तरात विंडो उघडली तर चालेल, क्लिकनंतर सर्व्हरची बराच वेळ वाट पाहून उघडली तर ती आगंतुक. सर्व्हर संथ असेल तर साइटची न्याय्य विंडोसुद्धा या नियमात सापडते. म्हणून तेच बटण सकाळी चालतं आणि शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी चालत नाही.

क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, ‘पॉप-अप्स अँड रीडायरेक्ट्स’ इथे तेवढ्या एका साइटला परवानगी द्या. सरसकट सगळ्यांना देऊ नका. दिल्यावर पान पुन्हा लोड करून बटण पुन्हा दाबावं लागतं. पैसे भरून झाले असतील आणि फक्त पावती अडली असेल तर मात्र ‘पे’चं बटण पुन्हा दाबू नका. आधी व्यवहाराच्या इतिहासात पाहा.

पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडावी की डाउनलोड व्हावी, ही वेगळी सेटिंग. क्रोममध्ये साइट सेटिंग्जच्या ‘ॲडिशनल कंटेंट सेटिंग्ज’मध्ये ‘पीडीएफ डॉक्युमेंट्स’. फायरफॉक्समध्ये ‘जनरल’खाली ‘ॲप्लिकेशन्स’च्या यादीत पीडीएफसमोर हवं ते निवडा. ईमेल पत्त्याच्या लिंकने भलताच मेल प्रोग्राम उघडत असेल तर त्याच यादीत ‘मेलटू’ची ओळ आहे. क्रोममध्ये ही गोष्ट साइट सेटिंग्जमधल्या ‘प्रोटोकॉल हँडलर्स’मध्ये. जीमेलला पूर्वी कधी नकार दिला असेल तर तो तिथल्या नाकारलेल्या यादीत पडून असतो. तो काढा आणि जीमेल पुन्हा उघडा, ते परत विचारतं.

फोनवरची वेगळी तऱ्हा

फोनवर दोन प्रकारचे ‘ॲपच्या पोटातले ब्राउझर’ असतात आणि दोघांत मोठा फरक आहे. अँड्रॉइडवर जीमेलसारखी ॲप्स कस्टम टॅब वापरतात. दिसतो ॲपच्या आत, पण इंजिन आणि कुकीज तुमच्या ब्राउझरच्याच, म्हणून तुम्ही तिथे लॉगिन असता. दुसरा वेबव्ह्यू, म्हणजे ॲपने स्वतःच्या आतच बसवलेला ब्राउझर. याची कुकीजची पेटी वेगळी असते. समाजमाध्यमांच्या ॲप्समध्ये लिंक दाबल्यावर वर्तमानपत्राची साइट वर्गणीदारालाही पुन्हा लॉगिन मागते, ती यामुळे. अशा वेळी तीन ठिपक्यांच्या मेनूतून बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडा. कायमचा इलाज त्या-त्या ॲपच्या सेटिंग्जमध्ये असतो: अँड्रॉइडवरच्या जीमेलमध्ये जनरल सेटिंग्जमधली ‘ओपन वेब लिंक्स इन जीमेल’ची टिक काढा, फेसबुकमध्ये ‘लिंक्स ओपन एक्स्टर्नली’ चालू करा.

याच्या उलट तक्रार म्हणजे ब्राउझरमध्ये लिंक दाबली की ॲपच उघडतं. अँड्रॉइड १२ पासून नियम कडक झाले. साइटने आपल्या सर्व्हरवर ठरावीक जागी फाइल ठेवून ‘हे ॲप माझंच’ असं सांगितलं असेल तरच ॲपला आपोआप लिंक मिळते, नाहीतर ती ब्राउझरकडे जाते. हे थांबवायचं तर सेटिंग्ज, ॲप्स, ते ॲप, ‘ओपन बाय डिफॉल्ट’ इथे ‘ओपन सपोर्टेड लिंक्स’ बंद करा. काही कंपन्यांच्या फोनवर हीच जागा ‘सेट ॲज डिफॉल्ट’ नावाने असते. चुकून ‘ऑलवेज’ दाबल्यामुळे प्रत्येक यूपीआय लिंक एकाच ॲपमध्ये जात असेल तर त्या ॲपच्या याच पानावर ‘क्लिअर डिफॉल्ट’ करा. मग पुन्हा यादी विचारली जाईल. आयफोनवर अशी यादीच येत नाही. एकाच प्रकारच्या लिंकवर अनेक ॲप्सनी दावा सांगितला तर कुणाला मिळेल याची हमी ॲपल देत नाही.

अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्ये ‘ओपन लिंक्स इन ॲप्स’ला ऑलवेज, आस्क बिफोर ओपनिंग आणि नेव्हर असे तीन पर्याय आहेत. क्रोममध्ये अशी एकत्रित सोय नाही. तिथली युक्ती म्हणजे लिंक दाबून धरा, कॉपी करा आणि पत्त्याच्या पट्टीत चिकटवा. पट्टीतून गेलेला पत्ता सहसा ॲप उघडत नाही. आयफोनवरही हे चालतं.

आयफोनच्या सफारी सेटिंग्जमध्ये ‘ओपन लिंक्स’ला ‘इन न्यू टॅब’ आणि ‘इन बॅकग्राउंड’ असे पर्याय आहेत. साध्या टिचकीवर याचा परिणाम होत नाही, लिंक दाबून धरल्यावर येणारा पर्याय तेवढा बदलतो. दोन बोटांनी टिचकी मारली की लिंक थेट नव्या टॅबमध्ये जाते.

ऑपरेटिंग सिस्टिमचा हात

बाहेरची लिंक भलत्याच ब्राउझरमध्ये उघडते, तेव्हा विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स, तुमचा ब्राउझर आणि वरचं ‘सेट डिफॉल्ट’ बटण. २०२१ मध्ये विंडोज ११ आलं तेव्हा हे बटणच नव्हतं, एचटीटीपी, एचटीटीपीएस, एचटीएम, एचटीएमएल प्रत्येकासाठी वेगळं निवडावं लागायचं. २०२२ च्या अपडेटने ते आलं. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘डेस्कटॉप अँड डॉक’ इथे. आयफोनवर आयओएस १४ पासून हा बदल करता येतो.

एवढं करूनही आउटलुक आणि टीम्समधल्या लिंक्स एजमध्ये उघडतात. २०२३ पासून मायक्रोसॉफ्टने त्यांच्यासाठी वेगळी वाट काढली आहे. जुन्या धाटणीच्या आउटलुकमध्ये फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड इथे ‘ओपन हायपरलिंक्स फ्रॉम आउटलुक इन’समोर ‘डिफॉल्ट ब्राउझर’ निवडा. टीम्समध्ये ‘फाइल्स अँड लिंक्स’ इथे तसाच पर्याय आहे. तो राखाडी दिसत असेल तर कंपनीच्या आयटी विभागाने कुलूप लावलंय, तुमच्याकडून निघणार नाही.

विंडोजच्या शोधपट्टीतले वेबचे निकाल आणि विजेट्समधल्या बातम्या भारतात एजमध्येच उघडतात, डिफॉल्ट काहीही असो. जर्मनी-नेदरलँड्सला राहणाऱ्या मंडळींच्या संगणकावर असं होत नाही. युरोपीय कायद्यामुळे तिथल्या विंडोजला डिफॉल्ट ब्राउझरचा मान ठेवावा लागतो. तिकडच्या भावाने फोनवर सांगितलेले पर्याय इकडे सापडत नाहीत, ते त्यामुळे.